सही येते, पावती वाचता येत नाही: मोठ्या माणसांच्या साक्षरतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या गावांत, वाड्यांवर, तांड्यांवर प्रौढांचे वर्ग चालवताना स्वयंसेवक, घरातली मुलं-सुना आणि खुद्द शिकायला येणारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. तुमचा प्रश्न थेट शोधा, सगळं वाचलंच पाहिजे असं नाही.

कार्यात्मक निरक्षर म्हणजे नेमकं कोण?

अक्षरओळखच नाही तो निरक्षर. सही येते, पाटी अडखळत वाचता येते, शाळेचे तीन-चार वर्गही झालेत. पण बँकेची पैसे काढायची स्लिप भरता येत नाही, औषधाच्या बाटलीवरचं वाचून कळत नाही, सातबाऱ्यावर आपलं नाव कुठं आहे ते सापडत नाही, असा माणूस कार्यात्मक निरक्षर. युनेस्कोनं १९७८ मध्ये व्याख्या केली तिचा रोख हाच होता. आपल्या समाजात नीट वावरायला जेवढं वाचन, लेखन आणि हिशोब लागतो तेवढा यावा, आणि पुढं स्वतःच्या व समाजाच्या विकासासाठी तो वापरता यावा.

म्हणजे ही पट्टी काळाबरोबर वर सरकते. आजोबांच्या काळात पोस्टकार्ड वाचता आलं की माणूस गावात शिकलेला गणला जायचा. आता केवायसीचा मेसेज येतो, ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर पीक स्वतः नोंदवावं लागतं, पीक विम्याच्या पावतीवर गट नंबर चुकला तर भरपाई अडकते. आजोबांएवढं शिक्षण असलेला नातू आज अडतो.

सरकारी आकड्यांत तर बहुतेक गाव साक्षर दिसतं. मग ही माणसं कुठून आली?

जनगणनेत सात वर्षांवरच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं, ती साक्षर. व्याख्या ठीक आहे. पण प्रगणक दारात येतो तेव्हा घरातलं एक माणूस सगळ्यांची उत्तरं देतं आणि "जरा वाचून दाखवा" असं कुणी म्हणत नाही. म्हातारीला विचारलं "येतं का हो लिहिता-वाचता?" तर सून आतूनच सांगते, "सही येती त्येंला." झाली नोंद.

आमच्या बचत गटातल्या सगळ्या बाया सही करतात. त्या साक्षर नाहीत का?

काही असतील. पण सही करणं आणि लिहिणं यात मोठं अंतर आहे. सहीच्या मोहिमा गावोगाव झाल्या, त्यात अनेकींनी आपलं नाव रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं हाताला बसवून घेतलं. ओळखायचं कसं? 'कांता' अशी सही करणाऱ्या बाईंना 'ताट' लिहायला सांगा. त्यांच्या सहीतलाच 'ता' आहे. पण बऱ्याच जणी तिथं थांबतात, कारण त्यांच्या लेखी 'कांता' हे एकच चित्र आहे, त्यातलं अक्षर वेगळं काढता येतं हे कुणी दाखवलेलंच नाही. दाखवलं की चेहरा बदलतो, आणि मग त्या 'ता' घेऊन काय काय लिहितात ते बघण्यासारखं असतं.

बाईंना हा प्रयोग चारचौघींत करायला सांगू नका. बाजूला बसवून करा.

मराठवाड्यातच हे प्रमाण एवढं का? आमची माणसं मागं आहेत का?

मागं राहिली नाहीत, मागं ठेवली गेली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कोर्ट-कचेरी, महसूल, वरचं शिक्षण सगळं उर्दूत. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराला शिकून पुढं जायचं तर आधी परक्या भाषेचा उंबरा ओलांडावा लागे, आणि बहुतेक खेड्यांत तर शाळेचाच पत्ता नसे. तिकडं पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. इकडं डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं ते १९५० मध्ये (तेच पुढं मिलिंद म्हणून ओळखलं जाऊ लागलं), आणि मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ १९५८ मध्ये. महाविद्यालयं आली, तरी वाडीवरचा पहिलीचा वर्ग यायला आणखी बराच काळ गेला.

मग बहात्तरचा दुष्काळ. आज साठीच्या आसपास असलेली जी माणसं वर्गात येतात, त्यांना "शाळा का सुटली?" विचारा. निम्मी उत्तरं तिथं जाऊन थांबतात. आई-बाप खडी फोडायला, नाला-बांधाच्या कामावर. थोरली पोरगी धाकट्याला काखेत घेऊन त्यांच्यामागं. कामावर खायला सुकडी मिळायची, तिची चव अजून सांगतात. शाळेचं नाव दाखल्यापुरतं राहिलं. पुढं रोजगार हमी कायम झाली, दुष्काळही येत-जात राहिले, आणि बीड-धाराशिव-जालन्याकडून ऊसतोडीला जाणारी वाट रुंद होत गेली. दिवाळीच्या सुमाराला घर उचलायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, तर पोरांचं शाळेचं अर्धं वर्ष फडावरच जातं.

२०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती, आणि जालना जिल्ह्यात स्त्रियांची साक्षरता सुमारे ६१ टक्के. पुढची जनगणना लांबल्यामुळे अजून हेच आकडे वापरले जातात. जुने आहेत, पण २०११ मध्ये चाळिशीत असलेली निरक्षर बाई आज पन्नाशी ओलांडून गेली आहे, आपोआप साक्षर झालेली नाही.

वाचता न आल्यानं नुकसान काय होतं? चाललंय की सगळं.

चाललंय, पण त्याची किंमत मोजून चाललंय. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, उचल. ऊसतोडीला जाणारं जोडपं, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतं. हंगामभर टनावारी मजुरी होते, ती उचलीतून फिटत जाते. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, पावती निघते, ती मुकादमाकडं किंवा गाडीवाल्याकडं राहते. आठवड्याला खर्ची मिळते ती वेगळी लिहिली जाते. खाडा पडला तर तो कापला जातो. हे सगळं एका डायरीत, आणि डायरी एकाच्याच खिशात. उन्हाळ्यात हिशोब होतो तेव्हा "अजून इतके बाकी निघतात, पुढच्या साली फेडा" असं ऐकून माणसं घरी येतात. प्रत्येक मुकादम लबाड असतो असं मुळीच नाही, कैक मुकादम स्वतःच कारखान्याच्या आणि टोळीच्या कात्रीत सापडलेले असतात. पण डायरी एकट्याचीच असेल तर खरं-खोटं ठरवायला दुसरं काहीच नसतं. त्या जोडप्यातल्या एकाला जरी तारीख, टन आणि खर्ची असे तीन रकाने एका वहीत लिहिता आले, तरी हिशोबाच्या दिवशी दोन वह्या समोरासमोर येतात. एवढ्या तयारीसाठी जोडाक्षरं लागत नाहीत. आकडे आणि दहा-बारा शब्द पुरतात.

दुसरं, फवारणी. कीटकनाशकाच्या डब्यावर एक टोकावर उभा चौकोन असतो, त्यातल्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणूनच केलेलं आहे. तरी आम्ही विचारतो तेव्हा कित्येकांना वाटतं की हिरवा म्हणजे "पिकाला चांगलं" आणि लाल म्हणजे "कंपनीचा रंग". पंपाला किती मिली टाकायचं हे आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात असतं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळमध्ये फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, त्याची कारणं अनेक होती, पण डब्यावरचं वाचणारा माणूस शेतात असता तर बरं झालं असतं, असं म्हणायला तज्ज्ञ लागत नाही.

तिसरं उदाहरण लिहिताना राग येतो. वडील गेले की भाऊ बहिणींना तालुक्याला बोलावतात. "वारस नोंदीसाठी सही लागती, ये." गाडीभाडं देतात, साडी-चोळी करतात. बहीण अंगठा किंवा सही करून संध्याकाळी माघारी येते. वर्ष-दोन वर्षांनी कळतं की ते वारस नोंदीचं नव्हतं, हक्कसोड पत्र होतं. हिंदू वारसा कायद्यात २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे. एखादीला भावासाठी तो सोडायचा असेल तर तिची मर्जी. पण सोडतेय हे तिला माहीत तर पाहिजे. कागदाच्या डोक्यावरचं एवढं एक नाव वाचता आलं असतं, तर निदान "हे काय आहे दादा?" एवढं तरी विचारता आलं असतं.

आमच्या आईचा तोंडी हिशोब पोरांपेक्षा पक्का आहे. तिला शिकायची काय गरज?

तोंडी हिशोबाबद्दल शंकाच नाही. "तीन इसा न वर सात" (म्हणजे सदुसष्ट) असं मोजणाऱ्या आज्या बाजारात कुणाला फसत नाहीत. न वाचता येणं आणि अक्कल कमी असणं याचा काही संबंध नाही, आणि वर्गात हे पहिल्या दिवशी मोठ्यानं सांगावं लागतं, कारण माणसं स्वतःच स्वतःला अडाणी म्हणत आलेली असतात.

तोंडी गणित अडतं ते ठरावीक ठिकाणी. काळ लांबला की अडतं, उचलीचं उदाहरण वर आलंच. व्याजात अडतं. गावातला सावकार "शेकडा तीन" म्हणतो, बँक "बारा टक्के" म्हणते, आणि तीन हे बारापेक्षा कमीच वाटतात. पण सावकाराचे तीन महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला छत्तीस. बँकेचे बारा वर्षाचे. हा एक धडा फळ्यावर मांडला की वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही, मग सगळे एकदम बोलतात.

आणि अडतं दशांशात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ०.८१ बघून "शून्य म्हणजे एकराच्याही आत" असं वाटतं. प्रत्यक्षात ते दोन एकर आहे. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकराला थोडं कमी, हे ज्याला माहीत त्याला मोजणीच्या वेळी बोलता येतं.

आता मोबाइल बोलतो, वाचूनही दाखवतो. मग अक्षरं कशाला?

मोबाइलचा वापर जरूर करा. बोलून टाइप करणं, मेसेज ऐकणं या गोष्टी वर्गात आम्हीही शिकवतो. पण दोन अडचणी राहतात. एक म्हणजे घरात स्मार्टफोन बहुतेक पोराच्या खिशात असतो. दुसरी म्हणजे दुसऱ्याकडून वाचून घेतलं की आपली शिल्लक, आपला ओटीपी, आपल्या घरचं भांडण सगळं त्याच्या कानावर जातं. "तुमचं खातं बंद पडेल, या लिंकवर दाबा" असला मेसेज मोबाइल अगदी स्पष्ट आवाजात वाचून दाखवतो, तो खोटा आहे हे मात्र सांगत नाही. (पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, हा नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.)

ग्राहक सेवा केंद्रावर अंगठ्यानं पैसे काढतानाही तेच. मशिन पावती देतं. "अंगठा लागला नाही, परत ठेवा" असं सांगून दोनदा अंगठा घेतला, तर पावतीवरचा आकडा आणि शिल्लक वाचणं एवढाच बचाव आहे. पावती मागायची, मिळेपर्यंत उठायचं नाही.

पन्नाशी-साठीत अक्षरं येतात का?

येतात. लेकरांपेक्षा लिहायला वेळ जास्त लागतो, कारण हाताला खुरप्याची सवय, पेन्सिलची नाही. वाचायला मात्र मोठी माणसं अनेकदा लवकर शिकतात, त्यांच्याजवळ शब्दांचा साठा असतो. 'पेर' एवढं वाचलं की पुढचं 'णी' ती स्वतःच लावतात.

पण त्याआधी डोळे तपासा. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसतं, आणि वर्ग सोडून जाणाऱ्यांतले कितीतरी जण "डोक्यात जात न्हाई" म्हणतात तेव्हा खरं तर त्यांना दिसतच नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात तपासणी करून साधा जवळचा चष्मा दिला की अर्धा प्रश्न सुटतो. खडू-फळ्याआधी चष्मा, हा आमचा हट्ट आहे.

घ-ध, प-ष, भ-म या जोड्या मोठ्यांना हमखास गोंधळात टाकतात, आणि 'ख' हा 'र' आणि 'व' असा वेगवेगळा वाचला जातो. या एकाच दिवशी शिकवू नका. 'ध' पक्का झाल्यावर काही आठवड्यांनी 'घ' घ्या.

सुरुवात अ, आ, इ, ई पासूनच करायची ना?

नको. पन्नाशीच्या माणसाला 'अ अननसाचा' म्हणायला लावलं की दुसऱ्या दिवशी जागा रिकामी दिसते. अननस आपल्याकडं पिकतही नाही. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेअरे यांनी १९६३ मध्ये आंजिकोस या गावी मजुरांना सुमारे चाळीस तासांत वाचायला शिकवलं, ते त्यांच्या रोजच्या कामातल्या, रोजच्या चर्चेतल्या शब्दांवरून. आपल्याकडं हे आणखी सोपं आहे. 'मोळी', 'पगार', 'पाणी', 'कापूस', 'उचल' असे शब्द घ्या. आधी त्यावर बोलू द्या, भांडू द्या, मग शब्द फोडा. 'पाणी' या शब्दावर मराठवाड्यात कुणाला बोलायला सांगावं लागत नाही.

आकड्यांचं एक विसरू नका. नोटेवर, पासबुकात, मोबाइलच्या बटणांवर आकडे इंग्रजी वळणाचे असतात, आणि एसटीच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत बऱ्याचदा मराठी. दोन्ही शिकवा, पण सुरुवात मोबाइलच्या बटणांवरच्या आकड्यांपासून करा. आपल्या लेकीचा नंबर स्वतः लावता आला की बाई वर्ग सोडत नाही.

'उल्लास' म्हणजे काय? त्यात नाव कसं घालायचं?

उल्लास हा केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ या काळासाठी. वय वर्षे पंधरा आणि त्यापुढच्या निरक्षरांसाठी. देशभरात पाच वर्षांत पाच कोटी माणसांपर्यंत पोचायचं लक्ष्य आहे. यात फक्त अक्षरओळख नाही; आर्थिक आणि डिजिटल व्यवहार, आरोग्य, कायदा अशी जीवनकौशल्यं, पुढचं मूलभूत शिक्षण आणि व्यवसाय कौशल्यंही धरली आहेत.

नाव घालायला गावातल्या जिल्हा परिषद शाळेत जायचं. गुरुजी किंवा बाई अ‍ॅपवर नोंद करतात. शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना मानधन नाही: वरच्या वर्गातले विद्यार्थी, डी.एड.-बी.एड. करणारे, निवृत्त शिक्षक, घरातली सून. मानधनाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. मानधन नसल्यामुळे मोहीम कागदावर चालण्याचा धोका असतो, आणि आधीच जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणं यांत अडकलेल्या गुरुजींवर आणखी एक काम येतं. तरी जिथं गावातली एखादी मुलगी मनावर घेते, तिथं ते चांगलं चालतं.

'उल्लास'मध्ये परीक्षा असते म्हणे. नापास झालो तर?

असते. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० असे १५० गुण, प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. महाराष्ट्रात यातली पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली. दिवसभरात सोयीनं येऊन तीन तासांचा पेपर देता येईल अशी सोय होती, कारण मार्चमध्ये रानात हरभरा-ज्वारीची काढणी चालू असते. उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र मिळतं. नाही झालात तर 'नापास' शिक्का बसत नाही, 'सुधारणा आवश्यक' असं येतं आणि पुन्हा बसता येतं.

नातू बाहेर उभा राहून "आज्जी, लिही गं!" ओरडतो, हे दृश्य बहुतेक केंद्रांवर दिसतं. उत्तरं सांगू मात्र देऊ नका.

पाचवी-सातवीत शाळा सोडली. आता पुढं काही करता येईल का?

येईल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रम आहे, त्यात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन स्तर प्रौढांना करता येतात. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या अटी आणि तारखा जवळच्या माध्यमिक शाळेत विचारा. कौशल्य शिकायचं असेल तर जन शिक्षण संस्थान बघा: निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सोडलेल्यांसाठीच त्या आहेत. १९६७ मध्ये वरळीला निघालेल्या श्रमिक विद्यापीठातून ही कल्पना वाढली.

शिक्षण हक्क कायदा मोठ्यांना लागू आहे का?

नाही. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू.

आम्ही ऊसतोडीला जातो. आमच्यासाठी वर्ग कधी?

उन्हाळ्यात परत आल्यापासून पेरणीपर्यंत, आणि पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. बाकीच्या काळात वर्ग ठेवून हजेरी कमी दिसते म्हणून रडण्यात अर्थ नाही. फडावर जाताना वही सोबत द्या, वर सांगितलेल्या तीन रकान्यांची. तो त्यांचा हिवाळ्याचा अभ्यास. आणि लेकरं गावात ठेवता येत असतील तर हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेत दिवाळीआधीच करा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही. उद्याचे प्रौढ वर्ग आजच भरतायत.

तांड्यावर गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. मराठी पुस्तक चालेल का?

पुस्तक चालेल, पण आधी बोलणं गोरमाटीतच होऊ द्या. गोरमाटी शब्द देवनागरीत लिहून सुरुवात केली तर अक्षर लवकर धरतं, मग मराठीकडं वळा. स्वयंसेवक तांड्यावरचाच असावा. किनवट-देगलूरकडं तेलुगू, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या घरांतही हेच करा.

सासूबाई लाजतात. "लोक हसतील" म्हणतात. कसं समजवू?

समजवू नका. "सासूबाई, ह्या पावतीवर किती लिहिलंय बघा बरं, मला नीट दिसंना" असं कामाच्या ओघात सुरू करा. दुपारी, भाकरी-तुकडा झाल्यावर, दोघीच असताना. शाळेच्या इमारतीची धास्ती असते म्हणून मारुतीच्या ओट्यावर किंवा कुणाच्या पडवीत बसा. पुरुषांचा वर्ग वेगळा ठेवा, निदान सुरुवातीला. आबांना सुनेनं शिकवलेलं चालत नाही, नातीनं शिकवलेलं चालतं. असं का, हे त्यांनाच विचारा.

वाचता येत नाही, तोवर कागदावर अंगठा देताना काय बघायचं?

कोऱ्या कागदावर कधीच नाही, कोऱ्या स्टॅम्पवर तर नाहीच. कागद आपल्या विश्वासातल्या माणसाकडून पूर्ण वाचून घ्यायचा, समोरच्या पक्षाच्या माणसाकडून नाही. काय वाचून दाखवलं ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवता येतं. प्रत मागायची.

आणि वाचता येत नाही म्हणून हक्क कमी होत नाहीत. पोलिसात तोंडी तक्रार देता येते: ती लिहून घ्यायची, तुम्हाला वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची, हे कायद्यात आहे. माहितीच्या अधिकारात तोंडी अर्ज घेऊन आला तर तो लिहून द्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, २००५ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. खिडकीवरून "लिहून आणा" म्हणून कुणी परत पाठवलं, तर हे सांगा.

शिकलेलं वर्षभरात विसरतं. त्याला काय करायचं?

विसरतंच, कारण वर्ग संपला की घरात वाचायला काही उरत नाही. वाचायला घरी लागतं तेच द्या. पासबुक दर महिन्याला स्वतः भरून आणायचं आणि 'जमा'-'नावे'चे आकडे बोट ठेवून वाचायचे (पासबुकात मथळे इंग्रजीत असतील तर कुठला रकाना कशाचा ते एकदा मराठीत वर लिहून द्या). हरिपाठ पाठ असतो, त्यामुळे छापील पान हातात आलं की बाई शब्द ओळखत पुढं जाते आणि वाचनाला वेग येतो. नातवाचं दुसरीचं पुस्तक चालतं. आणि बचत गटाचं रजिस्टर कायम एकाच सचिवबाईकडं ठेवू नका. दर बैठकीला ते वेगळ्या बाईकडं लिहायला द्या, खाडाखोड झाली तर होऊ द्या, शेवटी बेरीज सगळ्यांनी मिळून तपासा. सचिवबाई पहिले काही महिने कुरकुरतात.